गुरांच्या कुरणांसाठी वर्षावनांची तोड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात ॲमेझॉनच्या जंगलाविषयी बोलायला उभे राहिले की पहिली शंका "एवढ्या दूरच्या गोष्टीचे आम्हाला काय?" ही असते, आणि तीच माणसे व्याख्यान संपता संपता चिठ्ठ्या पाठवू लागतात. अशा चिठ्ठ्यांतून आणि नंतर फोनवर आलेल्या संदेशांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. बहुतेक उत्तरे ब्राझीलबद्दलची आहेत, कारण ॲमेझॉनच्या जंगलाचा सुमारे ६० टक्के भाग त्या देशात आहे आणि तेथील 'इन्पे' ही अंतराळ संशोधन संस्था १९८८ पासून उपग्रहाच्या साहाय्याने दरवर्षीची तोड मोजून ती जाहीर करते. या मोजणीचे वर्ष ऑगस्ट ते जुलै असे असते.

१. वर्षावन म्हणजे नेमके काय? आपले पेंच आणि ताडोबा वर्षावनच नव्हे काय?

नाही. पेंच, ताडोबा, बोर, उमरेड-कऱ्हांडला ही पानगळीची जंगले आहेत. नागपूरला वर्षाकाठी सुमारे ११०० ते १२०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने काढायचे म्हणून साग, मोह, तेंदू ही झाडे पाने टाकून मोकळी होतात. ॲमेझॉनच्या मध्यभागी वसलेल्या मनौस शहरात वर्षाला सुमारे २३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि कोरड्या म्हटल्या जाणाऱ्या महिन्यांतही तो पूर्णपणे थांबत नाही. म्हणून तेथील जंगल बारमाही हिरवे असते, आत ओलावा व सावली कायम असते आणि वणवा ही त्या झाडांच्या सवयीची गोष्ट नसते. हा शेवटचा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरतो (प्रश्न ४ पाहा).

२. जंगल तर लाकडासाठी, सोयाबीनसाठी आणि खाणींसाठीही तुटते. मग दोष गुरांनाच का?

दोष गुरांचा नाही, पण वाटा त्यांच्या कुरणांचाच सर्वांत मोठा आहे. ॲमेझॉन खोऱ्यात जी जमीन जंगलातून बाहेर काढली गेली, तिच्यापैकी सुमारे ८० टक्के जमिनीवर आज कुरणे आहेत किंवा कधीकाळी कुरण असलेली पडीक जमीन आहे. ब्राझीलमध्ये २०२२ च्या जनगणनेनुसार माणसे २० कोटी ३० लाख होती आणि गुरे त्यांच्यापेक्षा जास्त, म्हणजे २३ कोटींवर होती. भारतात २०१९ च्या पशुगणनेत गायी-बैलांची संख्या सुमारे १९ कोटी भरली, म्हैसवर्ग वेगळा.

लाकूडतोड बहुधा निवडक असते. महागडी झाडे ओढून नेली जातात आणि त्यासाठी काढलेला रस्ता मागे राहतो. त्याच रस्त्याने पुढे कुरणवाला येतो. सोयाबीन अनेकदा आधीच कुरण झालेल्या जमिनीवर येते आणि गुरे आणखी आत ढकलते. हे धंदे एकमेकांचे पर्याय नसून एकाच मिरवणुकीतले मागे-पुढे चालणारे लोक आहेत, आणि प्रत्यक्ष भूमी व्यापून बसण्याचे काम गुरे करतात.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. २००४ या वर्षात ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर जंगल साफ झाले. आपल्या नागपूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ९,९०० चौरस किलोमीटरच्या आत आहे. म्हणजे एका वर्षात पावणेतीनहून अधिक नागपूर जिल्हे.

३. तेथील गुरे मूळची भारतातील आहेत, असे ऐकले. हे खरे आहे का?

खरे आहे. ब्राझीलमध्ये मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या कळपांत 'नेलोरे' हा वंश आणि त्याचे संकर बहुसंख्य आहेत. हे नाव आंध्र प्रदेशातील नेल्लोरवरून पडले असून जनावर आपल्याकडे ज्याला ओंगोल म्हणतात तेच आहे. आपल्या वर्धा-नागपूर भागातील गवळाऊ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पांढऱ्या, उंच, वशिंडाच्या नेलोरेचे छायाचित्र परके वाटणार नाही. एकोणिसाव्या शतकापासून १९६० च्या दशकापर्यंत आयात झालेली भारतीय जनावरे सगळी मिळून काही हजारच होती, त्यांचा विस्तार मात्र कोट्यवधींत झाला. ऊन, गोचीड आणि निकृष्ट चारा सहन करण्याची जी ताकद आपल्या गुराख्यांनी पिढ्यानपिढ्या जपली, तिच्यामुळेच युरोपीय वंशाच्या गायी जिथे तग धरत नव्हत्या तिथे कुरणे पसरू शकली.

गवत मात्र आफ्रिकेतून आले. 'ब्रॅकिएरिया' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गवताच्या जाती तेथे मुद्दाम पेरल्या जातात, आणि त्या एकदा रुजल्या की जंगलाच्या रोपट्यांना डोके वर काढू देत नाहीत. उलट दिशेने अमेरिका खंडातून आलेल्या घाणेरीने आपल्या जंगलात जे केले, ते पाहणाऱ्यास हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

४. जंगलाचे कुरण प्रत्यक्षात होते कसे?

पावसाळा ओसरला की आधी वेली आणि झुडपे कापतात, मग यंत्रकरवतीने किंवा दोन ट्रॅक्टरांमध्ये जाड साखळी ताणून मोठी झाडे पाडतात. पाडलेला ढीग काही महिने उन्हात वाळू देतात. जुलै ते ऑक्टोबर या काळात त्याला आग लावतात. राख गार झाली की गवताचे बी टाकतात, काही वेळा विमानातूनही. पुढच्या हंगामात कुंपण आणि गुरे येतात. अर्धवट जळालेली खोडे वर्षानुवर्षे त्या कुरणात उभी दिसतात आणि झुडपे पुन्हा वाढू नयेत म्हणून दर काही वर्षांनी कुरण परत पेटवले जाते.

"वणवे आपल्याकडेही लागतातच" असे यावर नेहमी सांगितले जाते. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळण्याची सवय विदर्भात आहे आणि ती वाईटच आहे, परंतु आपल्या पानगळीच्या झाडांची साल जाड असते आणि जमिनीलगतची आग त्यांतील पुष्कळ झाडे झेलून जातात. वर्षावनातील झाडांची साल पातळ असते. कुरणातून निसटलेली गुडघाभर उंचीची, मुंगीच्या पावलांनी सरकणारी आगही त्यांना मारू शकते, आणि मेलेल्या झाडांमुळे वरचे छत उघडून आतला ओलावा गेला की पुढची आग अधिक सहज लागते. १९ ऑगस्ट २०१९ रोजी साओ पाउलो शहरावर भर दुपारी अंधारून आले, त्यामागे ढगांबरोबर दूरच्या आगींचा धूरही होता.

५. एवढे घनदाट जंगल जिथे उगवते ती जमीन सुपीकच असणार. मग कुरण काही वर्षांत निकामी का होते?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो, आणि तो विदर्भातील माणसाने विचारावा हे अगदी स्वाभाविक आहे. आपली काळी कापसाची जमीन बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. तिच्यातील फुगणारी-आकसणारी चिकणमाती कॅल्शियम, पोटॅशियमसारखी पोषकद्रव्ये धरून ठेवते आणि म्हणून जंगल गेल्यावरही ती शतकानुशतके पिके देत राहिली. त्या अनुभवावरून आपण समजतो की सुपीकता मातीत असते.

ॲमेझॉनच्या बहुतेक भागात ती मातीत नसते. तेथील माती अतिशय जुनी आहे. लक्षावधी वर्षांच्या पावसाने तिच्यातील विरघळणारे सर्व काही धुऊन नेले असून मागे लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे आणि पोषकद्रव्ये फारशी धरू न शकणारी चिकणमाती उरली आहे. ती आम्लधर्मी आहे आणि तिच्यातील थोडाफार फॉस्फरसही लोह-ॲल्युमिनियमशी बांधला गेल्याने मुळांना मिळत नाही. कोकणातील जांभ्याची जमीन पाहिली असेल, तर तिची ही दूरची नातेवाईक समजावी. (मातीच्या या फरकांचा देशभर अभ्यास करणारी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो ही संस्था आपल्याच अमरावती मार्गावर आहे, हे अनेक नागपूरकरांना ठाऊक नसते.)

मग जंगल जगते कशावर? स्वतःवर. पान गळते, उष्ण ओलाव्यात ते भराभर कुजते, आणि सुटलेली पोषकद्रव्ये पावसाने वाहून जाण्याआधीच वरच्या थरातील मुळांची जाळी आणि त्यांना चिकटलेल्या बुरशी ती पुन्हा शोषून घेतात. ठेव बँकेत नाही, सगळा पैसा बाजारात फिरता आहे. जी थोडी गळती होते ती भरून काढायला बाहेरून मदत येते आणि ती येते थेट सहारातून. आफ्रिकेतील चाड देशातील एका आटलेल्या सरोवराच्या तळाची धूळ वाऱ्यावर अटलांटिक महासागर ओलांडून येते, आणि उपग्रहांच्या निरीक्षणांवरून केलेल्या अंदाजानुसार तिच्याबरोबर वर्षाला सुमारे २२,००० टन फॉस्फरस ॲमेझॉनमध्ये उतरतो.

आता हे जंगल जाळले की तो सगळा फिरता पैसा एकदम राखेच्या रूपाने जमिनीवर पडतो. पहिली दोन-तीन वर्षे गवत असे तरारते की पाहणाऱ्यास जमीन सोन्याची वाटावी. पण नायट्रोजनचा मोठा भाग धुरातच गेलेला असतो, राखेतील क्षार पाऊस धुऊन नेतो, फॉस्फरस पुन्हा मातीत बांधला जातो आणि गुरांच्या खुरांनी वरचा थर दाबला गेल्याने पाणी मुरायचे थांबते. खत व चुना न घालता चालवलेली कुरणे बहुधा ५ ते १० वर्षांत खालावतात. गवत विरळ होते, गुरे खात नाहीत असे तण माजते आणि मालकाची नजर शेजारच्या उभ्या जंगलाकडे वळते.

६. म्हणजे धंदा तोट्याचा. तरीही लोक तो का करतात?

कारण अनेकांच्या दृष्टीने तो गुरांचा धंदा नसून जमिनीचा आहे. ॲमेझॉनमधील कुरणात ढोबळमानाने एका हेक्टरवर एक जनावर असते, म्हणजे एका जनावराला जवळजवळ अडीच एकर. आपल्याकडच्या कोणत्याही दुग्धव्यावसायिकाला ही उधळपट्टी वाटेल. पण सरकारी, मालकी अनिश्चित असलेल्या जमिनीवर ताबा दाखवायचा असेल तर जंगल साफ करून गुरे सोडणे यासारखा स्वस्त पुरावा नाही. आज ताबा, उद्या कागद, परवा विक्री.

खोट्या कागदांच्या या उद्योगाला पोर्तुगीज भाषेत रातकिड्यावरून नाव पडले आहे. नव्याने बनवलेला दस्तऐवज रातकिड्यांसोबत पेटीत कोंडून ठेवायचा, म्हणजे तो कुरतडला जाऊन व पिवळा पडून जुना दिसतो, अशी ती युक्ती. आपल्या तहसील कार्यालयांच्या आवारात आयुष्य गेलेल्या एका गृहस्थांनी हे ऐकून विचारले होते, "आपल्याकडे वाळवी चालली असती का?"

याला इतिहासही आहे. १९६४ ते १९८५ या लष्करी राजवटीत ॲमेझॉन 'रिकामा' आहे असे धरून तो वसवण्याचे धोरण राबवले गेले, त्यासाठी मोठ्या पशुपालन कंपन्यांना करसवलती दिल्या गेल्या आणि १९७० च्या दशकात ट्रान्स-ॲमेझॉन महामार्ग काढला गेला. मुख्य रस्त्याला काटकोनात फुटलेले आडरस्ते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंची साफ जमीन यांमुळे रोंडोनिया राज्याचे उपग्रहचित्र माशाच्या काट्यासारखे दिसते.

७. झाडे कापल्याने पाऊस खरोखर कमी होतो, की ही शाळेतल्या निबंधातील गोष्ट आहे?

ॲमेझॉनच्या बाबतीत ती मोजलेली गोष्ट आहे. अटलांटिकवरून आलेले बाष्प पूर्व किनाऱ्याजवळ पावसाच्या रूपाने पडते, झाडे ते मुळांवाटे उचलून पानांवाटे पुन्हा हवेत सोडतात, वारा ते पश्चिमेकडे नेतो आणि ते पुन्हा पडते. एनेआस सलाती या ब्राझीलच्या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात पावसाच्या पाण्यातील ऑक्सिजनच्या जड-हलक्या अणूंचे प्रमाण तपासून दाखवले की खोऱ्यातील पावसाचा जवळजवळ निम्मा भाग असा फिरून आलेला असतो. अँडीज पर्वताला अडून हा प्रवाह दक्षिणेकडे वळतो आणि दक्षिण ब्राझील, पॅराग्वे, उत्तर अर्जेंटिना येथील शेतीला पाणी पुरवतो. तेथे त्याला 'उडत्या नद्या' म्हणतात.

गवत हे काम का करू शकत नाही? मुळांमुळे. पारा नावाच्या राज्यात परागोमिनास येथे झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षावनातील झाडांची मुळे ८ मीटरहून खोल गेलेली आढळली. कोरड्या महिन्यांतही झाडे खोलवरचे पाणी उपसत राहतात, आणि नेमके त्या महिन्यांत गवत वाळून गप्प बसते. बाष्पीभवन घटले की उन्हाची जी ऊर्जा पाणी उडवण्यात खर्च व्हायची ती जमीन आणि हवा तापवण्यात जाते. एप्रिलमधल्या दुपारी सेमिनरी हिल्सच्या झाडीतून एकदम उघड्या डांबरी रस्त्यावर येणाऱ्याला हा फरक कातडीला कळतो.

येथे एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. लहानशा साफ तुकड्यावर ढग आणि सरी कधीकधी वाढतात, कारण तापलेली मोकळी जमीन आणि बाजूचे गार जंगल यांच्यात समुद्रकाठासारखे वारे वाहू लागतात. हा पुरावा दाखवून "तोडीने पाऊस वाढतो" असे सांगणारे लोक तुकड्याचा आकार सांगत नाहीत. मोकळा पट्टा मोठा होत गेला की हा लाभ संपतो आणि घट सुरू होते.

८. तेथील तोडीचा विदर्भाच्या पावसावर परिणाम होतो का?

थेट नाही. ॲमेझॉनचे बाष्प आपल्यापर्यंत येत नाही. आपला पाऊस अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरावरून येतो. नाते दोन वळणांनी आहे. एक, जळालेल्या जंगलाचा कार्बन सगळ्या जगाच्या हवेत मिसळतो आणि त्याने होणारी तापमानवाढ नागपूरला वेगळी सवलत देत नाही. दुसरे, प्रशांत महासागरातील एल निनो ज्या वर्षी जोर धरतो त्या वर्षी ॲमेझॉनमध्ये बहुधा दुष्काळ पडतो आणि आपल्या मोसमी पावसालाही धोका असतो. २०२३ मध्ये मनौस येथील निग्रो नदीची पातळी तोपर्यंतच्या नोंदींतील नीचांकाला गेली आणि २०२४ मध्ये तोही नीचांक मोडला. दोन्हीकडे एकच कारण असणे आणि एकामुळे दुसरे होणे यांत फरक आहे, आणि तो संदेश पुढे पाठवताना हमखास गळतो.

९. ॲमेझॉन ही पृथ्वीची फुप्फुसे असून २० टक्के प्राणवायू तेथून येतो ना?

ही कल्पना सोडून द्यावी. वाढ पूर्ण झालेले जंगल जेवढा प्राणवायू तयार करते, जवळजवळ तेवढाच झाडांच्या श्वसनात आणि कुजण्याच्या क्रियेत संपवते. हवेतील २१ टक्के प्राणवायूचा साठा कोट्यवधी वर्षांत जमलेला आहे आणि जंगल जळाल्याने तो जाणवण्याइतका घटणार नाही. काळजीचे कारण प्राणवायू नसून कार्बन आणि पाणी हे आहे (प्रश्न ७ आणि १०).

१०. तापमानवाढीत जंगल जाळण्याचा वाटा मोठा की गुरांच्या ढेकरांचा?

दोन्ही वेगळे मोजून पाहू. वर्षावनाच्या जमिनीवरील भागात हेक्टरी साधारण १०० ते २०० टन कार्बन असतो, तर कुरणात तो १० टनांच्या आसपास किंवा त्याहून कमी. मधला १५० टनांचा आकडा धरला, तर एका हेक्टरमागे कार्बन डायऑक्साइड सुमारे ५५० टन होतो. त्यातील काही लगेच धुरात जातो, उरलेला खोडे कुजताना काही वर्षांत.

मांसासाठीचे एक जनावर रवंथाच्या पचनातून वर्षाला साधारण ५५ किलो मिथेन सोडते. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापदायक धरतात, म्हणजे हे वर्षाला दीड टन झाले. हेक्टरी एक जनावर या हिशेबाने एक हेक्टर जंगल जाळण्याचे ओझे त्यावरील जनावराच्या साडेतीनशे वर्षांच्या ढेकरांइतके भरते. वीस वर्षांच्या मुदतीने मोजले तर मिथेनचे वजन जवळजवळ तिप्पट होते, तरी पारडे फिरत नाही.

पण म्हणून मिथेन क्षुल्लक ठरत नाही. जंगल एकदाच जळते, ढेकर रोज निघतात, आणि २३ कोटी जनावरांना दीड टनाने गुणले की वर्षाला ३५ कोटी टनांच्या आसपास आकडा जातो. विमानातून हवेचे नमुने घेऊन केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लुसियाना गात्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की सर्वाधिक तोड झालेला आग्नेय ॲमेझॉन आता शोषतो त्याहून अधिक कार्बन सोडतो.

११. गवताची मुळेही मातीत कार्बन साठवतात. मग कुरण वाईट कसे?

हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. नीट राखलेल्या कुरणाच्या मातीतील कार्बन काही ठिकाणी पूर्वीच्या जंगलाच्या मातीइतका, क्वचित थोडा अधिकही भरतो. खालावलेल्या कुरणात तो घटतो. परंतु जे गमावले ते मुख्यतः जमिनीच्या वर होते, आणि मातीतील किरकोळ वाढ त्याची भरपाई करू शकत नाही. मूळच्या गवताळ प्रदेशांत चराईचे जे फायदे सांगितले जातात, ते तेथे खरे असू शकतात. जंगल कापून केलेल्या कुरणाला ते उसने घेता येत नाहीत.

१२. मालकाने थोडे जंगल राखले आणि थोडे कापले, तर दोन्ही साधणार नाही का?

ब्राझीलचा वनकायदा हेच सांगतो. ॲमेझॉनच्या जंगल-प्रदेशात खासगी मालकाने ८० टक्के जंगल राखून २० टक्केच वापरावे, असा नियम आहे. पाळला जातो किती हा वेगळा प्रश्न, पण राखलेल्या तुकड्यांचे काय होते हे आपल्याला एका अनोख्या प्रयोगामुळे नीट माहीत आहे.

१९७९ साली मनौसच्या उत्तरेला मोठी पशुपालन केंद्रे उभी राहत होती आणि त्या वेळच्या नियमानुसार निम्मे जंगल राखणे बंधनकारक होते. थॉमस लव्हजॉय या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने सुचवले की जंगल राखायचेच आहे तर ते १, १० आणि १०० हेक्टरांच्या चौकोनांत राखा, म्हणजे आम्ही तोडीच्या आधी आणि नंतर मोजणी करू. ते मान्य झाले. निष्कर्ष असा की लहान तुकडा म्हणजे मोठ्या जंगलाची छोटी प्रत नव्हे. कडेकडून ऊन आणि कोरडा वारा आत शिरतो, काठापासून सुमारे १०० मीटरपर्यंत मोठी झाडे झपाट्याने मरतात आणि त्यांच्या जागी वेली व भराभर वाढणारी हलक्या लाकडाची झाडे येतात. लष्करी मुंग्यांच्या मागे फिरून किडे टिपणारे पक्षी लहान तुकड्यांतून पहिल्यांदा नाहीसे झाले, कारण मुंग्यांच्या थव्यांनाच तेवढी जागा पुरत नाही. शंभर मीटर रुंदीची मोकळी पट्टीही दाट जंगलातील काही पक्षी ओलांडत नाहीत.

ॲमेझॉनमध्ये झाडांच्या सुमारे १६,००० जाती असाव्यात असा अंदाज आहे, पण एकूण झाडांपैकी निम्मी केवळ २२७ जातींची आहेत. उरलेल्या हजारो जाती विरळ असून कुठल्या तुकड्यात काय राहिले आणि काय कायमचे गेले, हे मोजण्याआधीच ठरून जाते.

१३. नद्या-नाल्यांवर काय परिणाम होतो?

मोठ्या नद्यांपेक्षा लहान ओढ्यांवर अधिक. काठची सावली गेली की पाणी तापते, गुरांच्या पावलांनी काठ ढासळून गाळ येतो, आणि उन्हाला मोकळे झालेले गवत थेट प्रवाहात वाढून तो तुंबवते. अशा तुंबलेल्या पाण्यातील प्राणवायू घटतो. गुरांना पाणी पाजण्यासाठी घातलेले हजारो छोटे बांधही पाणी अडवून तापवतात.

१४. आमची गुरेही जंगलात चरतात. मग तोच आरोप आमच्या गुराख्यांवर येणार का?

येऊ नये. विदर्भात गावची गुरे सकाळी आखरावर जमतात, गोवारी-गवळी समाजातील गुराखी त्यांना उभ्या जंगलात नेतो आणि संध्याकाळी परत आणतो. अतिचराईने रोपटी मारली जातात, वन्यप्राण्यांशी संघर्ष होतो, ते प्रश्न खरे आहेत. पण तेथे जंगल राहते आणि त्यात गुरे जातात. ॲमेझॉनमध्ये गुरे यावीत म्हणून जंगल नाहीसे केले जाते. दोन्हींना 'चराई' हा एकच शब्द लावल्याने घोटाळा होतो.

तुलनाच करायची तर ती दुसऱ्या गोष्टीत आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि गावाने जंगल राखले. ॲमेझॉनमध्येही मान्यताप्राप्त आदिवासी प्रदेशांतील तोड बाहेरच्या जमिनीपेक्षा पुष्कळ कमी आहे, उपग्रहचित्रात त्यांची सीमा हिरव्या रंगाने आपोआप उमटते. रबराचा चीक गोळा करणाऱ्यांचे पुढारी शिको मेंदेस यांनी उभ्या जंगलावर जगणाऱ्यांसाठी राखीव क्षेत्रांची मागणी लावून धरली आणि २२ डिसेंबर १९८८ रोजी त्यांच्या घरीच त्यांची हत्या झाली. त्यासाठी दोषी ठरलेले दोघे, बाप आणि मुलगा, पशुपालक होते.

१५. कुरण सोडून दिले तर जंगल परत येते का?

येते, पण काय परत येते आणि किती वर्षांत, हे वेगवेगळे आहे. उष्ण कटिबंधातील अनेक ठिकाणचे अभ्यास एकत्र करून २०२१ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार, जमिनीचा फार छळ झालेला नसेल तर मातीची स्थिती दहा वर्षांच्या आत सुधारते, जातींची विविधता भरून यायला काही दशके लागतात आणि लाकडातील कार्बनला शंभर वर्षांहून अधिक. पुन्हा पुन्हा जाळलेल्या, दाबल्या गेलेल्या आणि बी पुरवणारे जंगल जवळ नसलेल्या जमिनीत हा हिशेब लागू पडत नाही.

देश म्हणून कोस्टारिकाचे उदाहरण मोठे आहे. गोमांस निर्यातीच्या काळात तेथील वनाच्छादन १९८० च्या दशकात साधारण पाव हिश्श्यापर्यंत घसरले होते. मांसाचे भाव पडले, सवलती थांबल्या, १९९६ च्या कायद्याने उभे जंगल राखणाऱ्या मालकाला इंधनकरातून मोबदला मिळू लागला आणि आज निम्म्याहून अधिक देश पुन्हा वनाखाली आहे. त्याच देशातील ग्वानाकास्ते येथे, जिथले जंगल आपल्यासारखे कोरडे आणि पानगळीचे आहे, डॅनियल जॅन्झन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञांनी वनपुनर्स्थापनेच्या सुरुवातीच्या वर्षांत मुद्दाम गुरे चरू दिली. आफ्रिकी गवत माणसाएवढे वाढून पेट घ्यायचे, गुरांनी ते खाल्ल्याने आगी आटोक्यात आल्या आणि रोपटी वाचली. गुरे सरसकट शत्रू नाहीत, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

१६. कमी जागेत जास्त गुरे पाळली तर प्रश्न सुटेल का?

तांत्रिकदृष्ट्या हे सहज शक्य आहे. खालावलेल्या कुरणांना चुना-फॉस्फेट देऊन, गट पाडून चराई फिरती ठेवून किंवा कोलंबियात करतात तसे गवतात सुबाभळीच्या ओळी लावून हेक्टरी जनावरे दुप्पट करता येतात. अडचण अशी की उत्पन्न वाढले की धंदा अधिक फायद्याचा होतो आणि शेजारचे जंगल अजून स्वस्तात मिळत असेल, तर मालक दोन्ही करतो. जंगलातील जमीन फुकटात बळकावता येणे आधी बंद झाले, तरच सुधारित कुरणाचा खर्च करण्यात त्याला अर्थ वाटतो (प्रश्न ६).

१७. मांस कंपन्या "जंगलतोडमुक्त" म्हणतात. त्यावर विश्वास ठेवावा का?

शेवटच्या टप्प्यापुरता. २००९ मध्ये ब्राझीलच्या मोठ्या कत्तलखान्यांनी बेकायदा तोड झालेल्या जागेवरील गुरे न घेण्याचे करार केले. परंतु वासरू एका ठिकाणी जन्मते, दुसरीकडे वाढते आणि तिसरीकडे लठ्ठ केले जाते. कत्तलखाना तिसऱ्या मालकाचीच तपासणी करतो. नव्याने जाळलेल्या जमिनीवरील वासरे स्वच्छ कागदपत्रे असलेल्या मालकाकडे काही महिने ठेवली की कळप 'धुतला' जातो.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक जनावराची ओळख. आपल्याकडे गुरांच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा जो पिवळा बिल्ला मारतात, तसाच. पारा राज्याने २०२३ मध्ये असा कार्यक्रम जाहीर केला. युरोपीय संघानेही २०२३ मध्ये कायदा करून ३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेल्या जमिनीवरील गुरांचे मांस, कातडे, तसेच सोयाबीन, कॉफी वगैरे मालाला बंदी ठरवली, पण अंमलबजावणीची तारीख पुढे ढकलली गेली.

१८. मी गोमांस खात नाही. मग माझा संबंध संपला ना?

मांसापुरता संपला. ब्राझीलच्या गोमांसाचा बहुतांश भाग ब्राझीलमध्येच खाल्ला जातो आणि निर्यातीत सर्वांत मोठा ग्राहक चीन आहे. कातडे मात्र बूट, पर्स आणि मोटारींच्या आसनांतून जगभर फिरते. तेलाचे नाते त्याहून आडवळणाचे आहे. सोयाबीन पिकवणाऱ्या विदर्भातल्याही स्वयंपाकघरात परदेशातून आलेले सोया तेल पोचते, आणि भारताला ते पुरवणाऱ्या प्रमुख देशांत अर्जेंटिनाबरोबर ब्राझीलही आहे. नव्याने तोडलेल्या जमिनीवरचे सोयाबीन न घेण्याच्या व्यापाऱ्यांच्या २००६ च्या करारानंतर थेट जंगल कापून सोयाबीन पेरणे ॲमेझॉनमध्ये खूप घटले, तरी सोयाबीनने कुरणे घेतली आणि कुरणे पुढे सरकली तर हिशेब कोणाच्या नावावर लिहायचा, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. तेलाची पिशवी बदलल्याने जंगल वाचेल असे मी कोणाला सांगत नाही.

१९. ब्राझीलमध्ये तोड आता निम्म्याहून कमी झाली आहे. मग अजून एवढी चिंता कशाला?

घट खरी आहे आणि ती आपोआप झालेली नाही. मारिना सिल्वा पर्यावरणमंत्री असताना २००४ पासून उपग्रहावरून तत्काळ सूचना देणारी यंत्रणा, धाडी, राखीव क्षेत्रे आणि पुढे बेकायदा तोड करणाऱ्यांना कर्जबंदी असे उपाय राबवले गेले, आणि २७,८०० चौरस किलोमीटरचा आकडा २०१२ पर्यंत ४,६०० च्या आसपास आला. पुढे पकड सैलावली आणि २०२१ मध्ये तो १३,००० वर गेला. २०२३ मध्ये त्याच मंत्री परतल्या आणि २०२४ मध्ये तो सुमारे ६,३०० झाला. हा आलेख पावसाचा नाही, प्रशासनाचा आहे.

तरी तीन गोष्टी या आकड्यात दिसत नाहीत. पहिली, तो दरवर्षीची नवी तोड सांगतो, साठलेली नाही. संपूर्ण ॲमेझॉनचे सुमारे १७ टक्के जंगल गेले आहे, आणि लव्हजॉय (प्रश्न १२) व ब्राझीलचे हवामानशास्त्रज्ञ कार्लोस नोब्रे यांनी २०१८ मध्ये दिलेला इशारा असा होता की २० ते २५ टक्क्यांच्या दरम्यान पाण्याचे चक्र तुटून मोठा भाग स्वतःहून विरळ झुडपी रानात बदलू शकतो. मर्यादा नेमकी कुठे आहे यावर मतभेद आहेत, ती आहे यावर कमी. दुसरी, दबाव शेजारी सरकतो. २०२३ मध्ये ॲमेझॉनमधील तोड घटली त्याच वर्षी सेराडो या झाडी-गवताच्या प्रदेशातील तोड वाढून ॲमेझॉनपेक्षा अधिक झाली. तेथे कायद्याने राखायचा हिस्सा बहुतेक ठिकाणी २० ते ३५ टक्केच आहे, कारण तो 'खरे जंगल' मानला जात नाही. पूर्व विदर्भातील 'झुडपी जंगल' नावाच्या महसुली नोंदीवर किती दशके वाद चालला, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना एका शब्दाने किती जमीन इकडची तिकडे होते ते ठाऊक आहे. तिसरी, जळून अर्धमेले झालेले पण उभे असलेले जंगल तोडीच्या आकड्यात धरले जात नाही. २०२४ च्या दुष्काळात लागलेल्या आगींनी असेच मोठे क्षेत्र होरपळले आणि त्यातील पुष्कळ झाडे पुढच्या काही वर्षांत, कोणीही करवत न लावता, पडणार आहेत.